गवती चहा, ताण आणि पुरावा

गवती चहाची ओळख मराठी घराला करून द्यावी लागत नाही. परसदारी सांडपाण्यावर एखादे ठोंब वाढलेले असते. पावसाळ्यात सर्दी-पडसे झाले की आल्याबरोबर दोन पाती चहात पडतात. कोकणात कुणी त्याला पातीचा चहा म्हणते. गेल्या काही वर्षांत मात्र या पातीला नवीच नोकरी लागली आहे. सुकवून, तुळस, ज्येष्ठमध, अश्वगंधा, कॅमोमाइल यांच्या सोबतीने कागदी पुडीत बसून ती 'ताण घालवणारा', 'मन शांत करणारा' चहा म्हणून विकली जाते. परीक्षेच्या दिवसांत मुलांना काय प्यायला द्यावे, याच्या याद्यांत तिचे नाव असते. ताणतणावावरच्या व्याख्यानांतही 'नेहमीचा चहा सोडा, हर्बल चहा घ्या' असा सल्ला हमखास ऐकू येतो.

हा सल्ला शिक्षकांमार्फत विद्यार्थ्यांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोचतो. शिक्षकांच्या शब्दाला वजन असते, म्हणून तो पुढे देण्याआधी तपासून घ्यायला हवा. गवती चहा चांगला की वाईट, असा येथे प्रश्नच नाही. तो रुचकर आहे, आणि आम्हीही तो आवडीने पितो. प्रश्न एवढाच आहे, की 'या वनस्पतीमुळे ताण कमी होतो' असे म्हणायला आधार कोणता?

कपात नेमके काय असते?

नाव चहा असले, तरी गवती चहाचे खऱ्या चहाशी काहीच नाते नाही. चहा हे कॅमेलिया सायनेन्सिस या झुडपाचे पान. गवती चहा हे सिंबोपोगॉन वंशातले गवत, म्हणजे ज्वारी आणि उसाच्या कुळातले. त्यात कॅफीन नसते. त्याचा लिंबासारखा वास मुख्यतः सिट्रल या द्रव्याचा असतो. पातीतून निघणाऱ्या सुगंधी तेलात सिट्रलचे प्रमाण साधारणतः तीन चतुर्थांश असते, पण ताज्या पातीत हे तेलच मुळी १ टक्क्याहून कमी. शिवाय ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि वाफेबरोबर सहज उडून जाते. गवती चहा उघड्या भांड्यात उकळला की स्वयंपाकघरभर वास दरवळतो. तो वास म्हणजे कपात न उतरलेले तेलच होय.

ही साधी गोष्ट पुढील सर्व चर्चेसाठी महत्त्वाची आहे. एखाद्या वनस्पतीतील शुद्ध द्रव्य उंदराला टोचून काही परिणाम दिसला, तरी त्या वनस्पतीचा कपभर काढा पिणाऱ्या माणसावर तोच परिणाम होईल असे म्हणता येत नाही. मात्रा वेगळी, शरीरात जाण्याची वाट वेगळी आणि प्राणीही वेगळा.

'ताण कमी झाला' म्हणजे काय झाले?

ताण हा शब्द आपण सैलपणे वापरतो. शरीरशास्त्रात या कल्पनेला चालना दिली ती हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या टिपणाने. थंडी, इजा, अतिश्रम अशा निरनिराळ्या त्रासांना शरीर बरेचसे सारखेच उत्तर देते, असे त्यांना उंदरांवरील प्रयोगांत दिसले होते. आज आपल्याला माहीत आहे, की अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिनमुळे नाडी जलद होते आणि थोड्या वेळाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. कॉर्टिसॉल एरवीही दिवसभर सारखे नसते. सकाळी ते जास्त असते आणि रात्री उतरते. म्हणजे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजून 'चहाने कॉर्टिसॉल कमी झाले' असे कुणी म्हटले, तर त्याने प्रत्यक्षात घड्याळाचाच परिणाम मोजलेला असण्याचा संभव आहे.

तेव्हा 'ताण कमी होतो' या एका वाक्यात निदान तीन वेगळे दावे दडलेले असतात. एक, पिणाऱ्याला बरे वाटते. दोन, त्याच्या शरीरातील नाडी, रक्तदाब, कॉर्टिसॉल असे मोजता येणारे काही बदलते. तीन, चिंताविकारासारख्या आजाराला उतार पडतो. पहिल्या दाव्याचा पुरावा तिसऱ्यासाठी चालत नाही. जाहिरातीत मात्र हे तिन्ही एकाच वाक्यात बसवलेले असतात.

ब्राझीलमधील एक चांगली तपासणी

गवती चहाची या दृष्टीने काटेकोर परीक्षा झाली, ती ब्राझीलमध्ये. तिथेही ही पात घरोघरी वापरात आहे. पातीवर उकळते पाणी ओतून भांडे झाकून ठेवतात आणि त्या पेयाला 'अबाफादो', म्हणजे झाकलेला, असे म्हणतात. तो घेतला की मन शांत होते आणि झोप लागते, अशी लोकांची समजूत आहे. साओ पाउलो येथील एलिसाल्दो कार्लिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर प्रयोग करून १९८६ साली ते प्रसिद्ध केले.

माणसांवरील प्रयोगात त्यांनी पहिल्याने सुरक्षितता पाहिली. निरोगी स्वयंसेवकांना एकदा, तसेच दोन आठवडे रोज हा काढा दिला. रक्ताच्या तपासण्यांत काही जणांमध्ये किरकोळ चढउतार दिसले, पण कुणालाही त्रास झाला नाही. मग ५० जणांवर झोपेची चाचणी झाली. आपण पातीचा काढा घेतो आहोत की नुसतेच तसे भासणारे पेय, हे पिणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि नोंद करणाऱ्यालाही नव्हते. यालाच दुहेरी अंध चाचणी म्हणतात. झोप किती लवकर लागली, कशी लागली, मध्ये जाग आली का, स्वप्ने आठवली का, यांपैकी कशातही दोन पेयांत फरक पडला नाही. शेवटी, स्वभावतः अधिक चिंता करणाऱ्या १८ जणांना काढा किंवा खोटे पेय देऊन चिंता उत्पन्न करणाऱ्या एका कसोटीला बसवले. दोन्हीकडची चिंता सारखीच निघाली. काढा विषारी नाही, पण झोप आणणारा किंवा चिंता शमवणाराही नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

येथे आपणही सावध राहिले पाहिजे. १८ ही संख्या लहान आहे. इतक्या थोड्या माणसांत बारीक परिणाम असला तरी तो नजरेतून निसटू शकतो. म्हणून 'गवती चहाचा काहीही परिणाम होत नाही हे सिद्ध झाले' असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. 'लोक सांगतात तेवढा मोठा परिणाम शोधूनही सापडला नाही' एवढे म्हणता येईल. पण दावा करणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी असते, आणि ती पुडीवरच्या मजकुराने पार पडत नाही.

इतर काढ्यांचे काय?

गवती चहापेक्षा कॅमोमाइलवर, म्हणजे शेवंतीच्या कुळातील एका पांढऱ्या फुलावर, अधिक संशोधन झाले आहे. जाहिरातींत त्याचे दाखलेही दिले जातात. ते वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. लोकांनी प्रत्यक्ष काय घेतले? त्यांची तुलना कोणाशी केली? आणि मोजले काय?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००९ साली झालेल्या चाचणीत चिंताविकार असलेल्या ५७ रुग्णांना आठ आठवडे कॅमोमाइल किंवा खोटे औषध दिले. कॅमोमाइल घेणाऱ्यांची चिंता थोडी अधिक उतरली. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला जेमतेम उतरला. पण रुग्णांनी घेतला होता तो ठरावीक प्रमाणात तयार केलेला, कॅप्सूलमधला अर्क. चहा कुणी प्यायलेच नव्हते. त्याच विद्यापीठाने २०१६ साली अधिक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. बरे वाटू लागलेल्या ९३ जणांपैकी निम्म्यांचा अर्क चालू ठेवला आणि निम्म्यांना नकळत खोटे औषध सुरू केले. आजार उलटण्याचे प्रमाण अर्क घेणाऱ्यांत सुमारे १५ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे २५ टक्के होते. आकडे आशादायक वाटतात, पण इतक्या माणसांत एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. त्यामुळे मुख्य प्रश्नाचे ठाम उत्तर मिळाले नाही.

खराखुरा कॅमोमाइल चहा पाजून केलेला एक अभ्यास तैवानमधला आहे. तोही २०१६ सालचा. ८० बाळंतिणींपैकी ४० जणींना दोन आठवडे हा चहा दिला. झोप आणि मनःस्थिती यांच्या काही मोजमापांत त्यांना बरे वाटले, पण चार आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच झाले. बाकीच्या ४० जणींना मात्र नेहमीच्या देखभालीखेरीज काहीच दिले नव्हते. मग सुरुवातीचा फायदा फुलांचा, गरम पाण्याचा, की रोज आपल्याला कुणीतरी काहीतरी देते आहे या भावनेचा? या मांडणीतून ते कळूच शकत नाही.

हा दोष टाळता येतो. ऑस्ट्रेलियात २०११ साली कृष्णकमळाच्या जातीतील वनस्पतीचा काढा तपासताना ४१ जणांना एक आठवडा तो काढा आणि एक आठवडा पार्सली या साध्या भाजीचा काढा दिला. कोणता आठवडा कशाचा, हे त्यांना सांगितले नव्हते. झोपेच्या सहा नोंदींपैकी एकीत, म्हणजे झोप किती चांगली वाटली यात, थोडा फरक दिसला. हा निकाल लहान आहे, पण मांडणी प्रामाणिक आहे.

आता गंमत पाहा. या तुलनेत नेहमीच्या काळ्या चहाची बाजू वाटते तितकी कमकुवत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील अँड्र्यू स्टेप्टो आणि सहकाऱ्यांनी ७५ पुरुषांचा नेहमीचा चहा-कॉफी बंद करून त्यांना सहा आठवडे खरा काळा चहा किंवा तितकेच कॅफीन असलेले बनावट पेय दिले, आणि मग अवघड प्रसंग घालून त्यांच्यावर ताण आणला. नाडी आणि रक्तदाब दोन्ही गटांत सारखेच वाढले. पण ५० मिनिटांनंतर चहावाल्यांचे कॉर्टिसॉल सरासरी ४७ टक्क्यांनी उतरले होते, तर दुसऱ्या गटाचे २७ टक्क्यांनी. २००७ साली छापलेल्या या एका चाचणीवरून 'काळा चहा प्या, ताण घालवा' असे आम्ही म्हणणार नाही. पण 'नेहमीचा चहा वाईट आणि हर्बल तेवढा चांगला' हे समीकरणही पुराव्यातून आलेले नाही, एवढे त्यातून दिसते.

मग बरे का वाटते?

'आम्हाला तर अनुभव आहे' असे पुष्कळ जण म्हणतील. तो अनुभव खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याचे श्रेय कोणाचे, एवढाच वाद आहे.

कप हातात घेण्यासाठी माणूस काम थांबवतो, बसतो, कुणाशी तरी दोन शब्द बोलतो. गरम पेयाची ऊबही काम करते. ब्रिटनमधील कार्डिफ येथे २००८ साली सर्दी-पडशाच्या ३० रुग्णांना फळांचे तेच पेय गरम किंवा साध्या तापमानाचे दिले. नाकातून वाहणाऱ्या हवेच्या मोजमापात काहीच फरक पडला नाही, पण गरम पेय घेणाऱ्यांना कितीतरी अधिक आराम वाटला. शिवाय संध्याकाळी नेहमीच्या चहाऐवजी गवती चहा घेतला, की तेवढे कॅफीन टळते. शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला सुमारे ५ तास लागतात, तेव्हा झोप सुधारली तर ती पातीने आणली की कॅफीनच्या अभावाने, हे पाहावे लागेल. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ताण शिगेला पोचतो तेव्हाच आपण उपाय शोधतो, आणि शिगेला पोचलेली गोष्ट बहुधा पुढे आपोआपच उतरते. त्या उताराचे श्रेय हाती असलेल्या उपायाला मिळते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

'फायदा नसेल तर नसेल, तोटा तर नाही?' हा प्रश्न नेहमी येतो. गवती चहापुरते उत्तर बरेचसे दिलासा देणारे आहे. पण मिश्रणातील प्रत्येक घटकाबद्दल तसे म्हणता येत नाही. ज्येष्ठमधाचेच पाहा. कॉर्टिसॉलने मूत्रपिंडात भलतेच काम करू नये म्हणून तेथील एक विकर त्याला निष्क्रिय करत असते. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिनपासून शरीरात बनणारे द्रव्य नेमके हेच विकर अडवते. मग शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब चढतो. 'ताणमुक्ती'च्या पेयातला घटक ताणाच्या संप्रेरकाचाच अंमल वाढवतो, असा हा विरोधाभास आहे. खोकल्याला चघळलेल्या चिमूटभर ज्येष्ठमधाने हे होत नाही. रोज, भरपूर आणि दीर्घकाळ घेतल्यास होऊ शकते, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला याची माहिती असणे आवश्यक आहे.

२०२० च्या साथीत घरोघरी काढे उकळले गेले. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. त्या सर्वांनी गुळवेल घेतलेली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, दुसरीच जात असू शकेल. वाद बाजूला ठेवला तरी त्यातून एक धडा मिळतो. पुडीत नेमकी कोणती वनस्पती किती आहे, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसेल, तर 'नैसर्गिक' या शब्दाने सुरक्षिततेची हमी मिळत नाही.

वर्गात काय करता येईल?

दुहेरी अंध चाचणीची कल्पना समजावण्यासाठी चहाइतके सोपे साधन नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात असाच प्रयोग वर्णिला आहे. कपात दूध आधी घातले की चहा, हे चवीवरून ओळखता येते, असे एका बाईंचे म्हणणे. आठ कप करायचे, चार एका प्रकारचे आणि चार दुसऱ्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. चारांपैकी नेमके तीन बरोबर येण्याचे प्रकार मात्र १६ आहेत. ते कसे, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी मांडून पाहावे.

हाच प्रयोग पात घातलेल्या आणि न घातलेल्या चहावर करा. विद्यार्थी वासावरून चटकन ओळखतील, आणि तिथेच खरी चर्चा सुरू होईल. पिणाऱ्याला आपण काय पितो हे कळत असेल, तर ताण उतरल्याचे श्रेय पातीला द्यायचे की अपेक्षेला? मग तुलनेसाठी कोणते पेय घ्यावे? साधे गरम पाणी पुरेल, की पुदिन्यासारखे दुसरे काही वासाचे हवे? विद्यार्थ्यांना यावर वाद घालू द्यावा.

दुसरा प्रयोग शिक्षकांच्या खोलीत, राजीखुशीने करता येईल. चिठ्ठ्या टाकून तीन गट करा. तास संपवून आल्यावर प्रत्येकाची नाडी मोजा. एका गटाने दहा मिनिटे नुसते बसावे, दुसऱ्याने गरम पाणी घेत बसावे आणि तिसऱ्याने गवती चहा घेत. नाडी पुन्हा मोजा. नुसते बसणाऱ्यांचीही नाडी उतरलेली आढळेल. तो गट नसता तर सारे श्रेय चहाला गेले असते. तुलनेचा गट कशासाठी हवा, हे याहून सोपे करून सांगणे कठीण आहे.

कपाबाहेरचा ताण

आमचा मुख्य आक्षेप मात्र सिट्रलविषयी नाही. ताण हा पिणाऱ्याच्या आतला दोष आहे आणि तो बाहेरून काहीतरी ओतून धुऊन काढता येतो, असे हा सल्ला सुचवतो. शिक्षकाचा ताण एकाच वर्गात कोंबलेल्या मुलांमुळे, अध्यापनाबाहेरच्या कामांच्या ओझ्यामुळे असेल, तर त्यावरचा उपाय पुडीत मिळणार नाही. दहावीच्या मुलाला घराच्या अपेक्षेची धास्ती असेल, तर काढ्याऐवजी घरच्यांशी बोलणे अधिक उपयोगी.

आणि एखादा विद्यार्थी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, एकटा पडत असेल, 'जगण्यात काय अर्थ' असे बोलत असेल, तर तिथे हर्बल चहाचा सल्ला निव्वळ निरुपयोगी नव्हे, घातक आहे. कारण काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि मदत मागायची वेळ निघून जाते. त्या मुलाला समुपदेशक आणि डॉक्टर यांच्यापर्यंत पोचवले पाहिजे. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. परीक्षेच्या दिवसांत फलकावर पेयांच्या यादीपेक्षा हा क्रमांक लिहिलेला असणे अधिक मोलाचे.

गवती चहा खुशाल प्यावा. झाकण ठेवून करावा, म्हणजे वास कपात उतरेल. मधल्या सुट्टीत चार सहकाऱ्यांबरोबर बसून प्यायला तर उत्तमच. फक्त त्या दहा मिनिटांच्या विसाव्याचे आणि सोबतीचे श्रेय पातीच्या नावावर मांडू नये, आणि ते पुडीत बंद करून कुणी विकत असेल, तर पुरावा कुठे आहे असे विचारायला आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावे.